मरतुकड्या बैलांचा फंड

माझे शिक्षण दोन ठिकाणी झाले. शाळेत उर्दूतून आणि घरी गुळाच्या ढेपांखालून. वडील कडा गावच्या बाजाराला जात, तेव्हा नगरकडून आलेला गूळ घेऊन येत, आणि ढेपांच्या बुडाशी चार-दोन पत्रके दडवलेली असत. हद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखात, ती चौकात वाटत. आमच्या निजामी मुलखात ती गंजीआड बसून वाचावी लागत. दारू सोडा, मुली शिकवा, परदेशी कापड नको, गावाने मिळून फंड काढा. कागद चिकट असायचे आणि त्यांना मुंग्या लागायच्या. मी मुंग्या झटकत झटकत मोठा झालो, आणि त्या कागदांतले एकूण एक वाक्य मला खरे वाटे. अजूनही वाटते.

वडील गेल्यावर आत्याने मला सांभाळले. ती लहान वयात विधवा होऊन माहेरी आली होती आणि वडिलांच्या मागे शेत तीच बघत होती. आमचे गाव लिंबागणेशच्या वाटेवरचे. आमच्याकडे बैल एकच, बांडा; पांढऱ्या अंगावर तांबडे ठिगळ. शेजारच्या आबांकडेही एकच, काळा. एका बैलाने नांगर चालत नाही, म्हणून दोन्ही घरांनी सावड केली होती. दोन्ही बैल एका जुवाखाली, आधी एकाचे रान, मग दुसऱ्याचे. बैलांचे एकमेकांशी फार छान जमे. आत्या आणि आबांचे मुळीच जमत नसे.

"आक्का, तुमचा बांडा माझ्या काळ्याला दमवतो."

"तुमचा काळा चालतो का झोपतो, त्ये आधी बघा, आबा."

हे गोठ्यांमधल्या भिंतीवरून रोज चाले. पण एक गोष्ट दोघांनाही पक्की ठाऊक होती. दोहोंतला एक बैल जरी पडला, तरी दोन्ही घरांची रब्बी पडली. बांडा त्या वर्षी जरा उतरणीला लागला होता, त्यामुळे पोळा जवळ आला तसा भिंतीवर एकच विषय उरला. बैलांना काही झाले तर त्यांचा भार कुणावर टाकायचा?

तोवर आमच्याकडची रीत अशी होती. जनावर आजारी पडले की आधी घरचा पाला, मग शेजारणीचा पाला, मग गोसाव्याचा अंगारा, मग नवस. सगळे संपले आणि जनावराने पाय ताणले की सलोत्री, म्हणजे जनावरांचा सरकारी डॉक्टर. तो स्वतः फार काही मागत नसे. पण त्याचे जेवण, त्याच्या घोड्याचा हरभरा, औषधाची बाटली हे एका घराला झेपत नसे, म्हणून प्रत्येक जण उद्यावर ढकले. सलोत्री यायचा तो बैलाचे शेवटचे दर्शन घ्यायला. आणि मग लोक म्हणत, "सलोत्री गावात आला की जनावर जातंच." हे ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होई. उशीर आपण करायचा आणि अपशकुनी त्याला ठरवायचे!

त्या वर्षी बैलांची हमी घ्यायला तीन जण तयार होते. पहिला गोसावी. त्याचा दोरा शिंगाला बांधायचा, दर अमावस्येला नवा. आत्याने त्याला विचारले, "दोरा असून बैल मेला तर?"

"मेला तर घरात कुणीतरी विटाळ कालवला असंल, माय."

दुसरा होता बाजाराच्या गावचा एक व्यापारी. खळ्यावर बैलामागे ठरलेले धान्य त्याला द्यायचे. बैल मेला तर दुसरा बैल तो देणार. निम्मे गाव त्याच्याकडे झुकले होते आणि सगळ्यांत पुढे आबा. ते व्यापाऱ्याला ओट्यावर बसवून ताक पाजत होते, तेव्हा आत्या भिंतीवर कोपर टेकून उभी राहिली.

"शेटजी, म्हातारा बैल मेला तर दुसरा देणार का?"

"म्हातारा कशाला धरू, आक्का? त्याला मरायचंच हाय."

"साप चावला तर?"

"साप म्हंजे दैव. दैवाचं मी कसं भरू?"

"साथीत गेला तर?"

"साथीत सगळ्यांचेच जात्यात. मग मीच बुडलो की!"

"चोरांनी नेला तर?"

"नेला म्हंजे मेला न्हाई."

"म्हंजे बैलानं तरणंताठं असताना, निरोगी असताना, आपल्याच गोठ्यात, तुमच्या सोयीनं मरायचं," आत्या म्हणाली.

व्यापारी मनापासून हसला. तसा माणूस दिलदार होता. ताक संपवून तो म्हणाला, "आन कातडं माझं."

तिसरा मी. माझ्याजवळ नगरकडचे एक पत्रक होते. पोळ्याला बैलामागे पायलीभर ज्वारी एका कणगीत टाकायची. कुणाचेही जनावर आजारी पडले की पहिल्याच दिवशी सलोत्री बोलवायचा आणि खर्च कणगीतून करायचा. तरीही जनावर गेलेच, तर दुसरे घ्यायला कणगीतून मदत, आणि तोवर गावाने आळीपाळीने आपले बैल द्यायचे. गोसावी जनावर मरायच्या आधी घेतो, व्यापारी मेल्यावर देतो. जगवायला कुणीच काही देत नाही. मी हे भिंतीवर चढून सांगितले. भिंत बसकी होती, पण मला उंचीवरून बोलायची सवय लागली होती.

आबांनी शांतपणे ऐकून घेतले. "आन ह्यो फंड बुडाला तर कुणाच्या दारात जायचं बे? व्यापाऱ्याच्या दाराला कडी तरी हाय."

प्रश्न खोटा नव्हता. सावड एक, म्हणून दोन्ही बैल एकाच ठिकाणी घालणे भाग होते. काय ते खांदमळणीला ठरवू, असे आत्या आणि आबांचे ठरले, कारण दुसऱ्या दिवशी पोळ्याला व्यापारी त्याच्याकडे येणाऱ्यांची नावे लिहून घेणार होता.

मी पाटलांकडे गेलो. "पाटील, सगळ्या गावाची सभा घ्यायचीय."

पाटलांनी आधी दार लोटून घेतले. "सभा म्हनू नको बे. सभेला वरून परवानगी लागती."

"मग काय म्हणू?"

"खांदमळणी म्हन. तिला कोन अडवतंय!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांचे ते लाड. मग कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आमच्याकडे हे मारुतीच्या पारापाशी सगळे मिळून करत. त्या दुपारी सारे गाव हळदीने पिवळे झाले होते. मी पारावर चढलो आणि पहिला नियम वाचला: ज्याचे जनावर तो सभासद, जात विचारायची नाही.

थोडी चुळबुळ झाली. वेशीबाहेरच्या वस्तीतला एक जण आपली एकुलती एक म्हशीची पारडी घेऊन दूर उभा होता. सगळ्यांची नजर तिकडे गेली. मी मुठी आवळून भांडायच्या तयारीत होतो. तेवढ्यात पाटील म्हणाले, "बैलाची तर इचारशील ना? खिलार का देवणी?" लोक हसले आणि नियम पार पडला. भांडायला न मिळाल्याची मला थोडी हळहळच वाटली.

दुसरा नियम मात्र वेगळाच निघाला. आजारी आणि थकलेली जनावरे सुरुवातीला फंडात घ्यायची नाहीत, नाहीतर पहिल्याच वर्षी कणगी रिकामी होईल. साधी गोष्ट. मी एकेकाला विचारू लागलो.

"तुमचा बैल कसा आहे?"

"कसला बैल घेऊन बसलास! नुसती हाडं हायत." त्याच्यामागे उभ्या बैलाच्या अंगावर माशी ठरत नव्हती.

"तुमचा?"

"दोन दिसांचा सोबती."

"तुमचा, मावशी?"

"त्याला दिसतच न्हाई रे बाबा." तो बैल तिच्या कडेवरच्या टोपलीतले सरकीचा दाणा न् दाणा टिपत होता.

"पाटील, तुमचे?" पाटलांच्या खिलार जोडीने त्याच उन्हाळ्यात जत्रेतली शर्यत मारली होती.

"रखडत्यात बिचारे," पाटील म्हणाले.

आमच्या भागात आपल्या चीजेला कुणी चांगले म्हणत नाही. मूल बाळसेदार असले तर 'किरकिरं हाय' म्हणतात, पीक डोक्याएवढे झाले तर 'बरं हाय, खाण्यापुरतं' म्हणतात. चांगले म्हटले की दीठ लागते. पत्रक लिहिणारा कुणी शहाणा मनुष्य असेल. लोक आपले आजारी बैल निरोगी म्हणून दडपतील अशी भीती त्याला होती. निरोगी बैलांना मरतुकडे ठरवणारे गाव त्याने पाहिले नव्हते. त्याच्या नियमाने आमच्या गावात फंडाला चालेल असा एकही बैल नव्हता.

पाराच्या कडेला बसलेल्या व्यापाऱ्याने हसू दाबायला धोतराचा सोगा तोंडात कोंबला होता, तो काढून तो म्हणाला, "आरं, ह्यो फंड हाय का म्हाताऱ्या जनावरांचा पांजरपोळ?"

"खोटं बोलताय तुम्ही!" मी ओरडलो.

"खोटं न्हाई बे, जपून बोलतोय," पाटील म्हणाले.

मी सत्य आणि समाज यांवरचा एक उतारा पाठ म्हणून दाखवला. आवाज चांगला लागला होता. पाटलांच्या खिलाराने मधेच शेण टाकले.

आत्या बांड्याचा खांदा मळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आरं, आपल्या तोंडानं आपलं कुणी चांगलं म्हनंल का? शेजाऱ्याला इचार."

झाले! बांधच फुटला. "त्याच्या बैलाला काय धाड भरलीय? भिंत पाडंल एका धडकेत!" "हिच्या बैलाला दिसत न्हाई व्हय? परवा माझ्या रानातलं कणीस हेरलं त्यानं, वढ्यापल्याडनं!" ज्याचा बैल तो कळवळून ओरडे, "ए, दीठ लावू नको!" बायका घरोघरी पळाल्या आणि काजळाच्या डब्या घेऊन आल्या. ज्या बैलाची स्तुती होई, त्याच्या कपाळावर लगेच काजळाचा ठिपका. शेजारी खरे दोषही सांगत होते. "ह्याचा पाडव्यापासून लंगडतो" असे कुणी म्हटले की मालक मान खाली घाली. अशांना औषधपाणी मिळेल, बदली बैल मिळणार नाही, असे तिथल्या तिथे ठरले. कुणी कुरकुरले नाही. वर्षानुवर्षे एकमेकांच्या गोठ्यांत डोकावून जे बघितले होते, ते एकदाचे मोकळेपणाने बोलता येत होते.

मग आबांची पाळी आली. "आबा, आमचा बांडा?"

आबांनी हळदीचा हात काळ्याच्या पाठीला पुसला.

"बांडा म्हंजे... आता काय सांगू. चढावर माझा काळा दमला की ह्यो जू आपल्याकडं वढून घेतो. म्या डोळ्यानं बघितलंय. जनावर न्हाई त्ये, माणूस हाय."

आत्याचा हात खांद्यावर थांबला. त्या भिंतीवरून इतक्या वर्षांत असले वाक्य कधी आले नव्हते.

"आन काळा?" मी आत्याला विचारले.

"काळा बांड्याला आधी पानी पिऊ देतो," आत्या म्हणाली. "मग आपन पितो. रोज."

"बास, बास, आक्का," आबा लाजून म्हणाले, "दीठ लागंल." आणि माझ्याकडे वळून खेकसले, "बघतो काय बे? लिव दोन्ही फंडात, एकाखाली एक!"

पाराखाली हशा उसळला. व्यापारीही हसत उठला. धोतर झटकून जाताना म्हणाला, "मला असा शेजारी असता तर माझंबी चांगलं बोलला असता."

पोळा असा पुन्हा कधी झाला नाही. मारुतीच्या देवळात शेणाने सारवलेली नवी कणगी उभी केली. तोरणाखालून निघालेला प्रत्येक बैल तिथवर येई, मालक पायलीभर ज्वारी ओती आणि हलगी कडाडे. पारडीवाल्याने ज्वारी ओतली तेव्हा हलगी जरा जास्तच कडाडली, निदान मला तशी ऐकू आली.

मग बैल घरोघरी जेवायला निघाले. आपल्या, सावडीच्या आणि जवळच्या दोन-चार घरी बैलाला पुरणपोळी चारायची, ही जुनी रीत. पण आबांची साक्ष भर गावाने ऐकली होती. 'माणूस असलेला बैल' आपल्या दारात यावा असे त्या दिवशी प्रत्येकीला वाटले. आबा स्वतः कासरा धरून बांड्याला मिरवत होते, काळा माझ्याकडे देऊन. बांडा दारोदार जेवला. नाही म्हणणे त्याच्या स्वभावातच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली होती. रवंथ बंद, मान खाली, श्वास लागलेला. आत्या त्याच्या पोटावर हात ठेवून उभी होती. आबा भिंत ओलांडून आले.

"दीठ लागली! तुझ्या फंडानं लावली! पारावर चढून इचारत बसलास ना, कसा हाय, कसा हाय?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "गोसाव्याला आनतो."

"सलोत्री लिंबागणेशला मुक्कामाला आहे," मी म्हणालो. "पहिल्या दिवशी सलोत्री, असा नियम आहे."

"आक्का, आईक माझं. सलोत्री आला की जनावर जातं."

बैल आत्याचा होता आणि निम्मा, खरे म्हणजे, आबांचाही होता. आत्याने आबांकडे पाहिले.

"आजवर त्याला मरताना बोलावला, आबा. आज दुखताना बोलावू."

आबांनी डोळे पुसले, मान हलवली आणि गोठ्याबाहेर येऊन अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, "आरं, पाटलाचा घोडा काढा!"

पाटलांचा घोडा मी कसा हाकला ते घोडाच जाणे. सलोत्री साहेब लिंबागणेशला चहा पीत बसले होते. "मर गया क्या?" त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर ते कप खाली ठेवून ताडकन उठले.

आम्ही पोचलो तेव्हा बांडा उभा होता. पोटातला वारा सरावा म्हणून तोंडात लगामासारखी कडुलिंबाची काडी बांधली होती. एका बाजूने आबा आणि दुसऱ्या बाजूने तो पारडीवाला, असे दोघे त्याला चढावर फिरवत होते. दोघांचे खांदे बैलाला टेकलेले. एरवी आबा त्या पारडीवाल्याची सावलीही टाळत.

"क्या खिलाये?"

"पुरणपोळी," आत्या म्हणाली.

"कित्ती?"

बायका एकेक करून पुढे आल्या. "आमी दोनच दिल्या." "आमी तर एकच, पन तुपात बुडवून." "आमच्या सूनबाईनं चार दिल्या वाटतं." बेरीज वाढत गेली, तशा साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"अरे बाबा, ये बैल है की बाराती?"

त्यांनी जवसाचे तेल आणि बाटलीतले एक उग्र औषध मिसळून बांबूच्या नळीने बांड्याला पाजले आणि कुशीवर मालिश करायला लावली. गाव श्वास रोखून उभे. थोड्या वेळाने बांड्याने मान लांब केली, एक दांडगी ढेकर दिली, आणि पाठोपाठ मागूनही मोकळा झाला. आबा नेमके मागच्या बाजूला उभे होते.

असा जल्लोष मी शर्यतीतही ऐकला नाही. हलगीवाला धावत हलगी आणायला गेला. आबा धोतर पिळत हसत होते, रडतही होते. आत्या बांड्याच्या गळ्याला मिठी मारून त्याला शिव्या देत होती. "आधाशी मेला! जन्मात खाल्लं न्हवतं का?"

कणगीतून साहेबांच्या घोड्याला दाणा गेला, औषधाचा खर्च गेला, आणि वर साहेबांना पुरणपोळीचे जेवण. निघताना ते आत्याला म्हणाले, "माँजी, इस गाँव में पहली दफा मेरे कू जनावर खडा हुआ मिला."

त्याच दिवशी पारावर तिसरा नियम झाला: पोळ्याला बैलाने आपल्या आणि सावडीच्या घरीच जेवायचे. "हे कुठल्या पत्रकात हाय रे?" पाटलांनी विचारले. "आपल्या," मी म्हणालो, आणि पत्रकाच्या कडेला लिहून टाकले.

हस्ताचा पाऊस झाला आणि वाफसा आला. एका जुवाखाली बांडा आणि काळा. आत्याने तिफणीच्या चाड्यावर मूठ धरली, आबांनी बैल हाकले. आधी आमचे रान, मग आबांचे. चढावर बांड्याने जू आपल्याकडे ओढले, आणि या वेळी ते मीही पाहिले. ओढ्यावर काळा मागे थांबला.

पेरणी उरकल्यावर शेजारच्या गावचा एक शेतकरी आला. फंडाची कीर्ती तिकडे पोचली होती. आबा ओट्यावर होते.

"तुमच्या गावचा फंड लई चांगला हाय म्हनत्यात?"

"कसला फंड घेऊन बसलात, पावणं," आबा तोंड वाकडे करून म्हणाले. "मरतुकडा हाय. दोन दिसांचा सोबती."

मी तावातावाने तोंड उघडले. आत्याने माझ्या पायावर पाय दिला. पाहुण्याने आबांकडे पाहिले, समजून मान हलवली आणि मला म्हणाला, "मग आमालाबी एक कागद लिहून द्या."

मी लिहायला बसलो. आत्या काजळाची डबी घेऊन देवळाकडे गेली आणि कणगीच्या पोटावर, अगदी मधोमध, तिने एक ठसठशीत काळा ठिपका लावला.